पंख्यातलं कुंकू

गदग
२८ नोव्हेंबर २०२२

अन्नपूर्णा,

आशीर्वाद आणि खुशाली शेवटी. आधी भांडण.

फोन का केला नाही म्हणशील. तुझा फोन आला की अव्वा म्हणतात, "स्पीकर लाव, माझ्या लेकीचा आवाज मलाही ऐकू दे." मग समोरच्या ओट्यावर बसलेली शांतव्वाही ऐकते आणि संध्याकाळपर्यंत तुझ्या थोरल्या भावाच्या कानावर जातं. नीलकंठअण्णांच्या कानावर जे जायला नको तेच आज सांगायचं आहे.

स्टुडिओतला कंप्युटर आंधळा झालाय. सुरू होतो, दिवा लागतो, पंखे फिरतात, पण पडद्यावर काही उमटत नाही. ग्राफिक्स कार्ड गेलं. हे, म्हणजे तुझे विरूअण्णा, करायचे तसं मी ते काढून, त्याचे सोनेरी दात खोडरबराने पुसून परत बसवून पाहिलं. उपयोग नाही.

एवढं झालं तेव्हा नेमके नीलकंठअण्णा दारात. म्हणाले, "जाऊ दे गं नागवेणी. विरूबरोबरच जायला हवं होतं हे खोकं. मेडिकलवाला गाळा मागतोय. घरबसल्या भाडं येईल तुला."

घरबसल्या! लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी त्या खुर्चीत बसतेय. हे कॅमेरा घेऊन गावोगाव फिरायचे, आता भाड्याचा पोरगा जातो. मिक्सिंग, काटछाट, रंग, गाणी सगळं माझं. बोर्डावर 'चित्रगार स्टुडिओ' लिहिलंय, म्हणून लोकांना वाटतं चित्रगार म्हणजे फक्त पुरुष. मी म्हटलं, "अण्णा, हातात काम आहे. होसमनी मास्तरांच्या मुलीच्या लग्नाचं." तर म्हणाले, "संक्रांतीपर्यंत दे ते. नाही जमलं तर मग हट्ट सोडायचा." गाळा अव्वांच्या नावावर आहे, आणि अव्वा थोरल्या मुलाला कधी नाही म्हणत नाहीत, हे तुला मी सांगायला नको.

तेव्हा कार्ड शोध. जगदीशरावांच्या ओळखीचं दुकान आहे ना एस. पी. रोडवर? पण नीट ऐक. आपला कंप्युटर जुना आहे. त्याचा पॉवर सप्लाय लहान, म्हणून वेगळी वायर मागणारं दांडगं कार्ड नको; बसल्या जागेवरून जेवढी वीज मिळते तेवढ्यात भागवणारं हवं. लांबीला माझ्या वितीएवढं, कारण पुढे हार्डडिस्कचा पिंजरा आहे. आणि त्याला ती जुनी निळ्या तोंडाची वायर लागली पाहिजे. आपल्या मॉनिटरला तेवढं एकच तोंड आहे.

मॉनिटर बदला, असं म्हणू नकोस. तो ह्यांनी लावलेला आहे. ताटलीत खरी हळद आणि खरं कुंकू घेऊन बसायचे पडद्याशेजारी, आणि पडद्यावरची हळद हळदीसारखी दिसेपर्यंत बटणं फिरवायचे. गावातल्या इतर मिक्सिंगवाल्यांकडे नवरीची हळद हिरवट येते. आपल्याकडे येत नाही. आपल्याकडे लोक येतात ते त्यासाठी.

तुझी
वैनी


बेंगळूरु
६ डिसेंबर

वैनी, नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसात डबा खाताना वाचलं आणि घास तसाच राहिला. नीलकंठअण्णाला मी ओळखते हो. लहानपणी माझी सायकलसुद्धा "पोरींना कशाला" म्हणून विकून आला होता.

काल ह्यांना घेऊन दुकानात गेले. दुकानदार सुखराज ह्यांचा शाळेतला मित्र. तुमचा कंप्युटर किती जुना ते ऐकून तो हसलाच. म्हणाला, "अक्का, म्हाताऱ्या बैलाला नवा नाल कशाला? अख्खा नवा सेट घ्या." मी म्हटलं, "बैल आमचा आहे, नाल तेवढा दाखवा."

मग त्याने दोन दाखवली. एक नवीन, लहान, वेगळी वायर न मागणारं. पण त्याला निळं तोंड नाही. मध्ये कन्व्हर्टर लावावा लागतो. दुसरं जुन्या धाटणीचं, निळ्या तोंडाचं. आता ते बनत नाही म्हणे, पण त्याच्याकडे जुना स्टॉक पडून आहे, न वापरलेला, त्याचं सील लावलेला आणि वॉरंटी त्याची स्वतःची. मला पहिलं घ्यावंसं वाटत होतं, पण तुमच्या मॉनिटरच्या रंगांचं मनात आलं. कन्व्हर्टरने रंग बिघडले तर विरूअण्णाची मेहनत गेली. ह्यांनीही सांगितलं, "सुखराज म्हणतोय तर घे." म्हणून दुसरं घेतलं.

आजच्या रात्रीच्या बसने पार्सल टाकतेय. हे पत्र त्याच खोक्यात. वजनाला हलकं आहे, पण तुमच्या गाळ्याचं दार त्याने उघडं राहो.

अव्वाला सांगा, खोक्यात तिच्यासाठी काही नाही, रागावू नको.

अन्नपूर्णा


गदग
१९ डिसेंबर

अन्नपूर्णा,

कार्ड बसलं. पडदा उजळला तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. आठवडाभर छान चाललं. हळदीचा सगळा भाग रंगवून झाला, मांडवापर्यंत आले. मग परवा पडद्यावर उभ्या रेघा आल्या, साडीच्या काठासारख्या. थोड्या वेळाने अंधार.

माझं काम वाया गेलं नाही, पण पुढे सरकतही नाही. कार्ड त्याच खोक्यात घालून परत पाठवतेय. वॉरंटी आहे ना? बदलून घे.

आणि ऐक इथलं. सकाळी होसमनी मास्तरांच्या बायको येऊन गेल्या. दाराबाहेरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हळदीला शूटिंगला तुम्ही नाही आलात ते बरंच केलंत हो, आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. पण रंग तुमच्याच हातचा हवा बरं का." कळलं तुला? मांडवात माझी सावली नको, पण त्यांच्या लेकीच्या कपाळावरचं कुंकू लाल करायला माझाच हात हवा. बारा सुवासिनी नवरीला हळद लावतात आणि त्या बाराजणींचे चेहरे मी एकेक करून उजळवते. मी आत आले तर म्हणे अपशकुन.

मी "हो" म्हटलं. काय म्हणणार? गिऱ्हाईक आहे.

त्या गेल्या आणि मेडिकलवाला टेप घेऊन आला. अण्णांनी पाठवला होता. माझ्या खुर्चीमागे वाकून भिंत मोजत होता. म्हणाला, "अक्का, जरा पाय वर घेता?"

घेतले.

वैनी


बेंगळूरु
२७ डिसेंबर

वैनी,

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते.

सुखराजने कार्ड ह्यांच्यासमोर तपासलं. पंखा काढला तर आत हळद आणि कुंकू. पात्यांच्या मागे बसलेलं, चिकटलेलं. म्हणाला, "जगदीश, तुझ्या घरच्यांनी मशीनची पूजा केली. कुंकवाने पंखा जाम झाला, कार्ड तापलं, जळलं. ह्याला वॉरंटी लागत नाही." ह्यांची फार पंचाईत झाली हो. मित्रापुढे मान खाली घालावी लागली. घरी येऊन मला म्हणाले, "तुझ्या वैनीला पूजेची खोड. विजेची वस्तू आणि कुंकवाने माखली."

वैनी, मी समजू शकते. आपल्या घरात नवी वस्तू आली की पहिलं कुंकू तिला, मग माणसांना चहा. मिक्सर आला तेव्हा अव्वाने त्याच्या भांड्यात अक्षता टाकल्या होत्या, आठवतं? आणि तुम्ही किती आशेने वाट पाहत होता त्या कार्डाची. हात गेला असेल. त्यात काही पाप नाही. पण मला आधी सांगितलं असतं तर हे दुकानात तोंडघशी पडले नसते.

दुसरं घ्यायला ह्यांचं मन नाही. मी बघते काय करता येतं ते.

रागावू नका.

अन्नपूर्णा


गदग
३१ डिसेंबर

अन्नपूर्णा,

रागावू नका म्हणतेस. रागावणार. आज मी रागावणार आणि तू वाचणार.

तू हे लिहिलंस? तू? फेब्रुवारीत तेराव्याला तू ह्याच घरात होतीस. शांतव्वा आणि तुझ्या थोरल्या वैनींनी मला मोरीपाशी बसवलं, तेव्हा दाराशी पाठ फिरवून रडणारी तूच होतीस ना? माझं कपाळ तुझ्यादेखत पुसलं. आणि कुंकवाची भरणी अव्वांनी कपाटात ठेवून किल्ली कनवटीला लावली, तेही तुझ्यादेखत. त्या दिवसापासून त्या भरणीला मी हात लावलेला नाही. लावायची मला चोरी आहे. आणि तू लिहितेस, "हात गेला असेल"!

वर्षाच्या आत घरात सण नाही. दसऱ्याला सगळ्या गावात आयुधपूजा झाली. पानवाल्याने वजनकाट्याला झेंडू वाहिला, समोरच्या गिरणीवाल्याने कोहळा फोडला. एकट्या चित्रगारांचा कॅमेरा आणि कंप्युटर बोडके राहिले. दर वर्षी हे कॅबिनेटला स्वतः गंध लावायचे, पंख्याच्या जाळीवर नको, वरच्या पत्र्यावर, आणि म्हणायचे, "ह्याला धूळ चालत नाही, देव बाहेरच बरा." एवढी अक्कल ह्या घरात आहे. यंत्राच्या पोटात कुंकू घालणारी माणसं आम्ही नाही.

मग ते कुंकू कुणाचं?

तुझ्या सुखराजला विचार. तुझ्या नवऱ्यालाही विचार, मित्रापुढे मान खाली घालण्याआधी त्याने एकदा तरी विचार केला का, की ह्या घरात कुंकू लावायला उरलंय कोण? अव्वा? त्यांचं कपाळ तर मी ह्या घरात यायच्या आधीपासून मोकळं आहे. दोन विधवांच्या घरातून कुंकवाने माखलेलं यंत्र जातं आणि कुणाला काही खटकत नाही!

आणि एक सांगते. कार्डाच्या मागच्या पत्र्यावर सुखराजचं गोल चंदेरी सील आहे. मी त्याला नखही लावलं नाही. पण कार्ड बसवताना त्या सीलच्या काठाशी बोटाला खरखर लागली होती. तेव्हा वाटलं, डिंक वाळला असेल. आता वाटत नाही. सुखराजसमोर ते सील काढ. आमच्या घरचं कुंकू असेल तर सीलच्या वर असेल. खाली असेल तर कुणाचं, ते त्याने सांगावं.

नवं कार्ड तू घेऊन दे, नको घेऊन देऊ. गाळा राहील किंवा जाईल. पण हा डाग मी घेणार नाही.

नागवेणी


बेंगळूरु
५ जानेवारी

वैनी,

तुमच्या पायावर डोकं. पत्र वाचून झाल्यावर मला माझंच अक्षर आठवून लाज वाटली. माफी मागत नाही, कारण तुम्ही दिलीत तर मला आणखी वाईट वाटेल. काय झालं ते सांगते.

काल अर्धी रजा टाकून ह्यांना ओढत दुकानात नेलं. सुखराजच्या दुकानात गर्दी होती, कॉलेजची मुलं खोकी घेऊन उभी. मी कार्ड मागितलं, उलटं केलं आणि सीलला नख लावलं.

तो ओरडला, "अक्का, सीलला हात नका लावू! सील फाटलं की वॉरंटी गेली."

"वॉरंटी तर कुंकवाने गेली म्हणालात ना? गेलेली परत कशी जाईल?"

"तसं नाही अक्का, कंपनीचा नियम…"

"सील तुमचं, वॉरंटी तुमची, आणि नियम तेवढा कंपनीचा?"

हे माझं कोपर ओढत म्हणाले, "अन्नू, घरी बोलू."

"घरी तुम्ही टीव्हीशी बोलता. इथेच बोलू."

आणि मी सील सोललं, वैनी. खाली कुंकवाचा टिळा. चांगला गोल, अंगठ्याने लावलेला, वाळून काळपट झालेला, आणि त्यात रुतलेला तांदळाचा अर्धा दाणा. सीलची चिकट बाजू तेवढीच लाल. सगळ्या दुकानाने पाहिलं.

सुखराज म्हणाला, "माल वरून असाच येतो अक्का."

"वरून? देवाकडून? मग प्रसाद म्हणून फुकट वाटा!"

मुलं हसली. मी मात्र हसत नव्हते. मी म्हटलं, "हे कार्ड कुठल्या तरी सायबर कॅफेत दसरे खाऊन आलंय. तिथल्या मालकाने श्रद्धेने टिळा लावला. तुम्ही वरून पुसलंत, आतलं पुसायचा कंटाळा केलात, आणि टिळा निघेना म्हणून त्याच्यावर सील चिकटवलंत. एवढंही मी पोटात घातलं असतं, धंदा आहे. पण तुम्ही म्हणालात, आमच्या घरच्यांनी कुंकू लावलं. ते घर कुणाचं आहे माहितीय? माझ्या भावाला जाऊन वर्ष झालं नाही. माझ्या वहिनीला कुंकू लावायला समाजाने बंदी केलीय, आणि तुम्ही तिच्या नावावर कुंकू मांडता?"

तोपर्यंत मागच्या एका मुलाने आपल्या हातातल्या खोक्याचं सील नखाने उचकटायला सुरुवात केली होती, आणि त्याचं बघून दुसऱ्यानेही.

आणि ह्यांचं सांगते. इतका वेळ माझं कोपर धरून उभा असलेला माणूस एकदम म्हणाला, "सुखराज, तू माझ्याकडून खोटी साक्ष काढलीस रे, माझ्याच बायकोच्या घरच्यांविरुद्ध." रस्त्यात मला म्हणाले, "वैनींना पत्र लिहिशील तर माझं नाव घालू नकोस, मला लाज वाटते." म्हणून मुद्दाम घालतेय.

नवं कार्ड घेतलं. ह्या वेळी माझ्या पसंतीचं: लहान, तुमच्या वितीत बसणारं, वेगळी वायर न मागणारं, त्या दुकानातून नव्हे, आणि खोकं मी स्वतः कापून पाहिलं. निळं तोंड नाही, सोबत कन्व्हर्टर आहे. वैनी, रंग बदलतील. विरूअण्णाने लावलेले रंग आता तसेच राहणार नाहीत. जुनंच हवं म्हणून आपण दोघी फसलो, असं मला वाटतं. आता तुम्हाला ते नव्याने लावावे लागतील.

संक्रांत जवळ आलीय. लवकर लावा.

अन्नपूर्णा


गदग
१८ जानेवारी २०२३

अन्नपूर्णा,

तुझं कार्ड बसलं, चाललं, अजून चालतंय. पण तू म्हणालीस तेच झालं. पडदा लागला आणि माझं मन खचलं. काळा रंग राखाडी, हळद फिकट, नवरीचं कुंकू विटकरी. ह्यांनी बारा वर्षांपूर्वी लावलेलं सगळं गेलं. तुझा राग आला, मग माझा आला, मग त्यांचा आला. जाताना बटणांचे आकडे तरी सांगून जायचं.

मग लक्षात आलं, आकडे नव्हतेच कधी. ताटली होती.

हळद स्वयंपाकघरात आहे. कुंकू अव्वांच्या कपाटात. मी कपाटापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "अव्वा, किल्ली द्या. मला कुंकू हवंय."

त्या गव्हले करत होत्या. हात थांबले. "कशाला?"

"कामाला. पडद्यावर रंग लावायचेत. खरं कुंकू शेजारी ठेवल्याशिवाय खोटं लाल होत नाही."

मला वाटलं, आता शांतव्वाला हाक मारतात. पण त्यांनी कनवटीची किल्ली काढली, स्वतः कपाट उघडलं, भरणी घेतली आणि माझ्या हातात न देता स्टुडिओत माझ्या पुढे चालू लागल्या. ह्यांच्या स्टुलावर बसल्या. ताटलीत चिमूट ठेवली. मी बटणं फिरवू लागले.

"अजून लाल," अव्वा म्हणाल्या.

फिरवलं.

"ते डाळिंब झालं. मागे घे. हां… नाही, अजून थोडं. त्यात जरा पिवळं असतं गं आत. नीट बघ." तीस वर्षं ज्यांनी कुंकवाला बोट लावलं नाही, त्यांना ते इतकं आठवतं, अन्नपूर्णा. डोळे बारीक करून त्या पडद्यावरच्या अनोळखी पोरीच्या कपाळाकडे बघत होत्या. "थांब," म्हणाल्या. "हेच. माझं असंच होतं."

मी बटणावरचा हात काढला.

होसमनींचं काम संक्रांतीच्या आदल्या दिवशी पुरं झालं. मास्तरांच्या बायको ह्या वेळीही दाराबाहेरच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आत या. पेनड्राइव्ह उंबऱ्यावरून देत नाही मी." आल्या. चपला काढून आल्या.

संक्रांतीला, आपल्याकडे सण नसतानाही, नीलकंठअण्णा मेडिकलवाल्याला घेऊनच तिळगूळ द्यायला आले. ताटलीतलं हळदकुंकू बघून भडकले. "वर्ष झालं नाही आणि पूजा मांडलीस? लाज आहे का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात अव्वा स्टुलावरून म्हणाल्या, "पूजा नाही रे, काम चाललंय. आणि टेपवाल्याला म्हणावं पाय वर घे, माझी ताटली लवंडेल."

गाळा? अव्वांनी विषयच काढू दिला नाही. थोरल्या मुलाला त्या 'नाही' म्हणाल्या नाहीत. नुसता त्यांनीच आणलेला तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला आणि दरवाजापर्यंत पोचवलं.

जगदीशरावांना सांग, मी रागावलेली नाही, पण मान जरा वर ठेवायला शिका म्हणावं. आणि तू पाकिटावर 'श्रीमती' लिहिणं बंद कर. 'चित्रगार स्टुडिओ' लिही, पोचतं.

भरणी आता स्टुडिओतच असते, मॉनिटरशेजारी, किल्लीशिवाय. ह्या कागदाच्या कोपऱ्यावर लाल बोट उमटलेलं दिसेल तुला. झटकू नकोस. हे कुंकू मात्र माझं आहे.

नागवेणी